पाच नंबरचा पाय

३ फेब्रुवारी

…आणि नाही आत्या, बाटलीवर तुझं नाव नाहीये. आमच्या टेक्निशियनने, म्हणजे लंबूने, प्रत्येक बाटलीला एक नंबर दिला. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त त्याला आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना माहीत. मला पण नाही. त्यामुळे "माझी लघवी नाव लावून कपाटात मांडली असेल तर तुझ्या शहरात परत पाय ठेवणार नाही" ही धमकी मागे घे. ती फ्रीझरमध्ये आहे आणि तिला कोणी ओळखत नाही.

आता तू विचारलंस, त्या बाटल्यांचं आम्ही करतो काय. चहा घेऊन बस, कारण एकदा सुरू झाले की मला ब्रेक नसतो.

किडनीत रक्त गाळलं जातं ना, त्या गाळणीवर एका प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना पाय असतात. सिरियसली, नाव सुद्धा पायांवरूनच पडलंय: पोडोसाइट. एका पेशीचे बारीक बारीक पाय शेजारणीच्या पायांमध्ये गुंतलेले, दोन हातांची बोटं एकमेकांत घालतो तसे. पण पाय एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये फट असते. आणि त्या फटीत, ॲक्च्युअली, सगळी गंमत आहे. या पायातून एक प्रोटीन हात बाहेर काढतं, समोरच्या पायातून तसंच दुसरं, आणि मधोमध ते एकमेकांना धरतात. बाल्कनीतून शेजारीण हात लांब करते आणि आपण आपल्या बाल्कनीतून तिची बोटं पकडतो, तसं. त्याचं नाव नेफ्रिन. अशा पकडलेल्या हातांची जाळी होते. पाणी त्यातून जातं, रक्तातली कामाची प्रोटीन्स अडतात.

हात सुटले की ती प्रोटीन्स लघवीतून वाहून जातात. माणूस सुजतो. आम्ही बघतो की आजारी लोकांच्या लघवीत या तुटलेल्या हातांचे तुकडे किती सापडतात. आणि त्यांच्याशी तुलना करायला ठणठणीत माणसं लागतात. पन्नाशीपुढच्या ठणठणीत बायका आम्हाला मिळतच नव्हत्या, आणि तू पाहुणी म्हणून आलीस आणि पर्स माझ्याकडे देऊन सरळ बाटली घेऊन आत गेलीस. लंबू अजून तुझं कौतुक करतो.

एकच कटकट आहे. ठणठणीत लोकांमधला एकवीस नंबर. त्यात तुकडे सापडतायत, आणि चिक्कार. सापडायला नकोत. बाटल्या आल्या त्या दिवशी प्रोटीन दाखवणारी साधी पट्टी बुडवली होती तेव्हा ती पण पिवळीची हिरवी झाली होती, पण पट्ट्यांच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. आता वाटतं माझं रसायनच बिघडलंय. नवीन मागवलंय. एकवीस नंबरने माझी झोप उडवली आहे.

तुझी,
भिंगरी

ता.क. हॉस्टेलमध्ये असताना तू म्हणायचीस, फोनवर माणूस निम्मं बोलतो, म्हणून पत्र लिही. बघ, चार पानं झाली.


१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र दुकानात वाचलं. मालकांना पण वाचून दाखवलं. किडनीतल्या पेशींना पाय असतात म्हटल्यावर ते म्हणाले, "मग विचारा, कितीचे जोड लागतील." तीस वर्षं चपला-बूट विकून माणसाचं डोकं असं होतं.

बाल्कनीचं मात्र मला पटलं. तू लहान असताना समोरच्या काकू आपल्याला अशीच साखर द्यायच्या आणि तू मध्ये डोकं घालायचीस. तुला मागे ओढता ओढता माझे हात दुखायचे.

इकडे आमची पण कटकट चालू आहे. तुला माहीत आहे, नवीन माल आला की प्रत्येक डिझाइनचा पाच नंबर आधी मी घालून बघते. माझा पाय म्हणजे दुकानाचं माप. टाच, चवडा, उंची, सगळं साच्यातून काढल्यासारखं पाच. मला बसला तर लॉट बरोबर. या वेळी आलेला एकही जोड बसेना. सगळे पुढे आवळतात, पट्टा शेवटच्या भोकात पण लागत नाही. मी मालकांना सांगितलं, कारखान्याने साचे बदलले, फसवाफसवी आहे, सगळा लॉट परत पाठवा. पाठवला. सोबत मी एक झणझणीत चिठ्ठी पण लिहिली. तीस वर्षांत मी एवढी चिडले नव्हते.

म्हणजे तुझं रसायन बिघडलेलं आणि माझा लॉट. आपल्या दोघींचं नशीब एकाच दुकानातून आलेलं दिसतंय.

बाकी बरं आहे. सकाळी डोळे जरा फुगतात. दुकानात नवीन गालिचा घातलाय, त्याच्या गोंदाचा वास फार येतो, त्यानेच असेल. जेवत जा वेळेवर. मॅडमना नमस्कार.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

कारखान्याला लिहिलेली चिठ्ठी मला वाचायची आहे. कॉपी ठेवली असशील तर पाठव, मी भिंतीवर लावते.

नवीन रसायन आलं. पुन्हा सगळं केलं. भांडी बदलली, टेबल पुसून काढलं, लंबूला हातमोजे बदलायला लावले, त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याच्या आईला नावं ठेवली. आणि एकवीस नंबर तसाच. आधीच्यापेक्षा जास्त. आता बहुतेक मी तो यादीतून काढूनच टाकणार. लोक काय, बाटलीत काहीही घालून देतात. लंबू म्हणतो, कोणीतरी मस्करीत अंड्याचा पांढरा बलक घातला असेल. जूनमध्ये मला मोठ्या सभेत पहिल्यांदा बोलायचंय, आणि या एका बाटलीमुळे माझा सुंदर ग्राफ वाकडा दिसतो.

मॅडम परवा विचारत होत्या, तू किडनीच का घेतलीस. मी काहीतरी हुशार उत्तर दिलं. खरं उत्तर तुला माहीत आहे. आई तर मला आठवत नाही, पण बाबा आठवतात. आठवतात म्हणजे त्यांचा हात आठवतो. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. मी सात वर्षांची, मला तो खेळ वाटायचा. ते पण दाबू द्यायचे. त्यांना नक्की काय झालं होतं हे तेव्हा कोणी शोधलंच नाही, किडनी गेली एवढंच म्हणाले. मला वाटतं मी अजून तो खड्डा का पडायचा तेच शोधतेय.

सॉरी, उगाच सेंटी झाले. गालिचा बदलायला सांग मालकांना.

भिंगरी


९ मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती.

कारखान्याचं पत्र आलं. त्यांनी परत गेलेला प्रत्येक जोड मोजला म्हणे. सगळे बरोबर आहेत, एका केसाचा पण फरक नाही. मालकांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि चहा मागवला. लॉट परत आला आहे. आता माप बघायला दुसऱ्या मुलीला बसवलंय.

तुला एक विचारायचं होतं. आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतं, बाई आहेत, माझ्याच वयाच्या. चांगल्या आहेत, पण बोलताना थोड्या लाजतात. त्यांच्या लघवीला फेस येतो म्हणे, साबणाच्या पाण्यासारखा. आणि संध्याकाळी पाय जड होतात. त्यांच्या भावाला पण किडनीचं होतं, तो गेला. तर त्या विचारत होत्या, हे एकाच घरातलं दुखणं असतं का? म्हणजे बहिणीला पण तेच निघालं, तर ते रक्तातूनच आलंय असं धरायचं का? आणि मग भावाच्या पोरीचं काय, तिच्यात पण असणार का? मी म्हटलं, माझी भाची याच कामात आहे, विचारून सांगते.

घाई नाही. तुझी सभा होऊ दे आधी. त्या बाई थांबतील.

तुझ्यासाठी पांढरे बूट बाजूला काढून ठेवलेत, सभेत घालायला.

आत्या


१३ मार्च

आत्या,

त्या गिऱ्हाईक बाईंना माझा निरोप सांग.

त्यांना सांग की मी त्यांना तीन वेळा फोन केला आणि त्यांनी "दुकानात आहे" म्हणून ठेवून दिला. त्यांना सांग की त्या खोटं फार वाईट बोलतात. आणि त्यांना सांग की तीस वर्षं त्यांचा पाय दुकानाचं माप होता, म्हणून लॉट चुकला असंच त्यांना वाटलं, आणि मी त्यांच्या भाचीने पण नेमकं तेच केलं. ठणठणीत माणूस म्हटला की तो ठणठणीतच. मग पट्टी चुकली, रसायन चुकलं, लंबूचे हातमोजे चुकले. सगळं चुकू शकतं, माणूस नाही. सहा आठवडे मी तुझ्यावर वैतागत होते, आत्या, आणि वर तुलाच पत्रातून सांगत होते.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, एकवीस नंबर कोण ते मला सांगा. त्या म्हणाल्या, ते मी तुला सांगू शकत नाही. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पण तुझ्या आत्याचे पाय सुजलेत हे कळायला तुला माझा नंबर कशाला पाहिजे? मी त्या माणसाला डॉक्टरांकडून कळवते, ते माझं काम. तू भाची म्हणून लिही."

म्हणून भाची म्हणून लिहितेय. नीट वाच, चष्मा लावून वाच.

हात सुटायची कारणं वेगवेगळी असतात. काही घरांमध्ये नेफ्रिन किंवा त्याच्या आजूबाजूचं काहीतरी मुळातच चुकीचं बनतं. ते रक्तातून येतं, आणि त्यावर औषध फारसं चालत नाही. पण दुसरा पण एक प्रकार आहे. हात चांगले असतात, आपलंच शरीर गोंधळतं आणि त्या हातांवर हल्ला करतं, पकड सोडवतं. मग पेशींचे पाय पसरतात, चपटे होतात. त्याला गोळ्या आहेत. बऱ्याच लोकांचं त्याने जागेवर येतं, आणि हात पुन्हा एकमेकांना धरतात. हे असं परत धरणं मी स्वतः फोटोत बघितलंय.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सूज, फेस. कुठलं आहे ते किडनीचा सुईएवढा तुकडा काढून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. तू पण नाही. त्यामुळे बाबांचं आणि तुझं एकच, हे तू मनातल्या मनात ठरवलंयस ते पुसून टाक.

शनिवारी मी येतेय. तोपर्यंत मीठ कमी कर.

तुझी भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

येऊ नकोस.

मॅडमच्या डॉक्टरांचा पण फोन आला होता. गोड बोलतात. मी म्हटलं, बघते.

तू मला समजावून सांगितलंस ते मी दोनदा वाचलं. तू छान लिहितेस, शाळेत तुझं मराठी बघून मी कपाळाला हात लावायची, ते आठवलं. पण तू एक बाजू बघितलेली नाहीस. दादाला मी हॉस्पिटलात नेत होते. आठवड्यातून तीनदा मशीनवर. तू तेव्हा शाळेत असायचीस. शेवटी शेवटी तो मला म्हणायचा, चिमे, आज नको जाऊ या. मला त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा माहीत आहे. मी त्या रस्त्याला परत लागणार नाही.

हे झालं माझं. आता खरं लिहिते, कारण तू म्हणतेस मला खोटं जमत नाही.

कारखान्याचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं, एकवीस नंबर मीच. आणि माझ्या डोक्यात पहिली तू आलीस. दादाला होतं. मला झालं. तर मग तुझ्या वाट्याला काय आलंय? सुई टोचून त्यांनी सांगितलं की हो, हे घराण्यातलं आहे, तर? मग तू रोज सकाळी आरशात डोळे बघशील. तू त्या बाटल्यांमध्ये स्वतःला शोधशील. एवढं हसत हसत काम करतेस तू. मी नाही गेले, तर कोणाला काही कळणार नाही, आणि तुझं हसणं तुझ्यापाशी राहील. मला हा सौदा बरा वाटतो.

रागावू नकोस. पांढरे बूट पार्सल केलेत.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

गाडीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून दोन आठवडे कशीबशी थांबले. परवा शनिवारी तू दार उघडलंस तेव्हा मी भांडायची सगळी तयारी करून आले होते. येताना वाक्यं पाठ केली होती. आणि तू दारात माझ्या बाबांच्या चेहऱ्याने उभी होतीस, तसेच फुगलेले डोळे, आणि म्हणालीस, "बूट घातले नाहीस?" मी तुझ्या पायाशी बसले आणि घोट्यावर बोट दाबलं. तू पण दाबू दिलंस.

मला तेव्हा जे म्हणायचं होतं ते मी रडत रडत अर्धंच म्हणाले, म्हणून आता पूर्ण लिहिते. तू माझं हसणं वाचवायला निघालीस. पण समज, सगळं आतल्या आत ठेवून तू गेली असतीस, आणि नंतर कधीतरी मला एकवीस नंबर कोण ते कळलं असतं. जिच्या बाटलीला मी नावं ठेवत होते ती तू होतीस. मग कुठलं हसणं उरलं असतं? तुझा सौदा फार वाईट आहे, आत्या. दुकानात तू असा कधीच केला नसतास.

सोमवारी तू स्वतःहून चप्पल घालून दारात उभी राहिलीस, तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू परत आत गेली असतीस. सुईच्या वेळी पालथं झोपून तू त्या तरुण डॉक्टरला म्हणालीस, "तुझा बूट टाचेला घासतोय, चालण्यावरून कळतं," आणि तो लाजला, ते मी बाहेरून ऐकलं.

रिझल्ट यायला वेळ लागेल. साध्या सूक्ष्मदर्शकात काहीच दिसलं नाही म्हणाले, सगळं नॉर्मल. आता मोठ्या मशीनखाली बघतील. तिथेच पाय दिसतात.

मी ठरवलंय. मॅडमशी बोलते, काम थांबवते, तुझ्याकडे राहायला येते. सभा कॅन्सल. तू नाही म्हणू नकोस.

भिंगरी


१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

नाही.

आता रिझल्ट. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवून फोटो दाखवला. पहिला एका निरोगी माणसाचा. बारीक बारीक पाय, एकाशेजारी एक, मध्ये फट, एखाद्या नीट लावलेल्या शेल्फसारखं. मग माझा. सगळे पाय पसरलेले, एकमेकांत मिसळून एक लांबच लांब पट्टा झालेला. मी म्हटलं, हे तर रबरी चपलांचे तळवे वितळलेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर ओळखलंत.

पण किडनीत वण नाहीत, म्हणजे कायमचं नुकसान नाही. तू म्हणालीस तो दुसरा प्रकार. तुमच्या प्रयोगशाळेत माझं रक्त पण तपासलं, मॅडमनी ते तुझ्याकडे न देता दुसऱ्या कोणाकडे दिलं, हुशार बाई आहे. माझंच शरीर माझ्या नेफ्रिनवर धावून जातंय म्हणे. म्हणजे हात चांगले आहेत. गोळ्या सुरू केल्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी तू मला नेलंस तेव्हा माझे पाय साडेसहा नंबरचे होते. आज सकाळी मी चोरून मोजले. साडेपाच. गेल्या आठवड्यापासून रात्री मी लघवीला इतक्या वेळा उठतेय की मला त्या बाल्कनीवाल्या तुझ्या प्रोटीनची दया येते, पाणी सोडून सोडून दमलं असेल. गोळ्यांनी भूक वाढली आहे आणि मी मालकांवर ओरडते. ते म्हणतात, गोळ्यांआधी पण ओरडायच्या.

डॉक्टरीणबाई हे पण म्हणाल्या की परत उलटू शकतं. गोळ्या कमी करताना लक्ष ठेवायचं. मी सकाळी पट्टी बुडवते. डब्याचं झाकण घट्ट लावते, काही लोकांसारखं नाही.

आणि तू राहायला येण्याबद्दल. त्या फोटोतून मला एवढं कळलं की पेशीने फट ठेवून पाय रोवला आणि हात लांब करून शेजारणीला धरलं, तर गाळणी चालते. फट बुजवून एकमेकींवर पसरल्या की सगळं गळायला लागतं. तू इथे येऊन माझ्यावर पसरणार, माझं मीठ मोजणार, माझ्या झोपेवर पहारा ठेवणार. आठवड्यात आपण दोघी गळायला लागू. तू तिथे राहा. सभेत बोल. मला लिही. माझा हात पोचतो तुझ्यापर्यंत.

दादाबद्दल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्याला पण हेच होतं का, आणि तेव्हा कोणी बघितलं असतं तर. त्या म्हणाल्या, आता सांगता येणार नाही. कदाचित वेगळंच असेल. मी घरी येऊन बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

आत्या


२१ जून

आत्या,

तुझी पट्टी सलग तीन आठवडे पिवळी राहिली हे वाचून मी लंबूला मिठी मारली. त्याने हातमोजे घातलेले होते, तसाच उभा राहिला बिचारा.

सभा झाली. मी पांढरे बूट घातले. तुझ्या परवानगीने एकवीस नंबर ठणठणीत गटातून काढून आजारी गटात टाकला, आणि मी सगळ्यांना सांगितलं की आम्ही सहा आठवडे एका खऱ्या उत्तराला चूक समजत होतो. एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, चप्पल बसेना म्हणून. लोक हसले, त्यांना वाटलं मी जोक मारला.

आता एक गोष्ट, जी मी फोनवर सांगू शकले नसते.

तुझं दुखणं बाबांसारखं नसेल, पण बाबांचं काय होतं हा प्रश्न तसाच राहिला ना. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या रक्तातून बघता येईल की घराण्यातलं काही आहे का. पण बाबांचा नमुना कुठेच नाही, त्यामुळे उत्तर अर्धवट पण येऊ शकतं. असं काहीतरी निघू शकतं ज्याचा अर्थच कोणाला माहीत नाही. आधी या विषयातल्या माणसाशी नीट बोल, मग ठरव, घाई करू नकोस. माझी साधी पट्टी मी रोज बघते, ती छान आहे. आज मला काहीच झालेलं नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, यात विचार काय करायचा? मी तर दिवसभर लोकांना हेच सांगते, बघा, तपासा, लवकर कळलं की बरं. तुला मी किती बोलले. मग काल रक्त द्यायच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत जायच्या आधी एक विचार आला, तो मला आवडला नाही. समजा हो निघालं. मी तुला सांगेन का? आत्ताच तर तुझे पाय जागेवर आलेत, तू मालकांवर ओरडायला लागलीयस, रात्री झोपतेयस. आणि आत्या, माझं उत्तर आलं, नाही. मी पण एखादं गिऱ्हाईक बनवलं असतं. मी पण तुला लिहिलं असतं, माझी एक मैत्रीण आहे, जरा लाजते.

तेव्हा मला कळलं तू मार्चमध्ये काय करत होतीस. मी तुझ्यावर चिडले होते ते अजून बरोबर वाटतं मला. पण तू काय करत होतीस ते कळलं.

मी तशीच परत आले. खुर्चीत बसून हे पत्र लिहायला घेतलं. मी ठरवलंय, हे तुला लपवून करणार नाही आणि तुला लपवून टाळणार पण नाही. जे निघेल ते आपण दोघींनी एकदमच वाचायचं, किंवा दोघींनी वाचायचंच नाही. माझं शरीर माझं आहे, ठरवणार मीच, मॅडमनी हे मला तीनदा बजावलंय. तरी पण मला तुझं ऐकायचंय, आणि मला बरं वाटेल असं नको, तुला खरंच जे वाटतं ते. माझ्या जागी तू असतीस, आज सगळं चांगलं चाललंय, हसायला येतंय, आणि समोर ते दार आहे, तर तू आत गेली असतीस का?

तुझी,
भिंगरी